काळं इंजिन कोणाचं ऐकतं

इंजिनाचा दिवा लागत होता, शिटीही वाजत होती, पण चाकं हलत नव्हती. दिवाळीनंतरचे कित्येक रविवार मी या एका गोष्टीत घालवले. तुम्हाला काय पडलं होतं त्या खेळण्याचं, असं कोणी विचारलं तर मला अजूनही धड उत्तर देता येत नाही.

खेळणं मी म्हणते. हे असते तर रागावले असते. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते आणि निवृत्ती जवळ आल्यावर त्यांना छोट्या रेल्वेचा नाद लागला. अमरावतीच्या आमच्या घराची वरची खोली त्यांनी हळूहळू ताब्यात घेतली. प्लायवूडचं मोठं टेबल, त्यावर रुळांचे दोन वळसे, एक स्टेशन, तुऱ्हाट्यांच्या बारीक काड्यांची कुंपणं, खराखुरा कापूस भरलेल्या, मालगाडीच्या बोटभर वाघिणी. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर मशीनशीच झुंजायचं, म्हणून घरी आणखी मशीन नको वाटायचं. जेवायला हाक मारायला जिना चढायचे, दारातूनच सांगून खाली यायचे.

त्या दिवाळीच्या आदल्या हिवाळ्यात हे अचानक गेले. छातीत कसंतरी होतं म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. खोली तशीच राहिली. मग दिवाळीच्या सुमारास स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली खोली मागायला आल्या. माझी मुलगी पुण्यात असते. ती म्हणाली, "आई, देऊन टाक, घरात माणसं तरी होतील." नागपूरचे एक निवृत्त डॉक्टर याच नादातले होते. टेबलासकट सगळं न्यायला ते तयार झाले. अट एकच घातली, "बाई, प्रत्येक इंजिन चालताना एकदा व्हिडिओ करून पाठवा."

तर मी पहिल्यांदा त्या टेबलाजवळ खुर्ची घेऊन बसले.

ही गाडी आपल्या लहानपणीच्या चावीच्या गाडीसारखी नसते, हे मला तेव्हा कळलं. रुळांत सतत वीज असते. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि तिला नंबर दिलेला असतो. हातातल्या रिमोटवर तो नंबर दाबायचा आणि गोल बटण फिरवायचं. मग तेवढंच इंजिन ऐकतं, बाकीची जागची हलत नाहीत. यांनी प्रत्येक इंजिनाच्या खाली नंबराची चिठ्ठी डकवली होती, त्यामुळे मला सोपं गेलं. निळं डिझेल चाललं. लाल चाललं. मालगाडीचं जुनाट इंजिन कुरकुरत का होईना, चाललं. काळं वाफेचं इंजिन, नंबर चोवीस, ते मात्र नाही. चोवीस दाबलं की दिवा लागायचा, बटण दाबलं की शिटी मारायचं, आणि तिथंच उभं.

मी डॉक्टरांना फोन केला.

"रूळ घाण झाले असतील," ते म्हणाले. "वीज पोचत नसेल चाकांना."

रूळ पुसायला माझ्याइतकी तयारीची बाई कोण असणार? लॅबमधून स्पिरिट आणि कापूस आणला आणि दोन्ही वळसे घासून काढले. कापूस काळाकुट्ट झाला. इंजिन उलटं करून त्याची चाकंही पुसली. पुन्हा चोवीस दाबलं. दिवा आधीपेक्षा लख्ख लागला, बाकी काही नाही. त्याच जागेवर निळं डिझेल ठेवलं तर ते सुसाट गेलं. म्हणजे रुळांचा दोष नव्हता.

"मग मोटर गेली," डॉक्टर म्हणाले.

राजापेठेत ड्रोन आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात इंजिन नेलं. त्या माणसानं ते उघडलं, मोटरला सरळ बॅटरी लावली, तर चाकं भिंगरीसारखी फिरली. "मॅडम, मोटर एकदम ओके. चिप गेली असंल नाही तं रिमोट."

रिमोट गेला म्हणावं तर बाकीची इंजिनं चालत होती. चिप गेली म्हणावं तर दिवा आणि शिटी तिच्यातूनच येत होती. लॅबमध्ये एखादा रिपोर्ट असा विचित्र आला की आम्ही नमुना पुन्हा लावतो. मीही पुन्हा पुन्हा लावत होते. दर वेळी तेच उत्तर. डॉक्टर म्हणाले, काळं वगळून बाकीचं नेतो. तिथं विषय संपायला हरकत नव्हती, पण मी म्हणाले, थांबा जरा.

ते एकच इंजिन हे नेहमी हातात धरून खिडकीशी उभे असायचे, एवढंच आठवत होतं.

मग एका रविवारी दुपारी ते चाललं.

मी सवयीनं नंबर दाबला, बटण फिरवलं, आणि इंजिन निघालं. तेही उलटं. मागच्या मागे सरकत ते स्टेशन ओलांडून गेलं. मी दचकून खुर्चीवरून उठले. मुलीला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, चाललं! बघ!" तिला दाखवायला गाडी थांबवली, पुन्हा चोवीस दाबलं आणि बटण फिरवलं. काही नाही. दिवा लागला. मुलगी म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

तिला वाटलं मला भास झाला. खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. फोन ठेवला. मग मघाशी केलं होतं ते सगळं जसंच्या तसं करून पाहिलं. दोन-चार वेळा काहीच झालं नाही. शेवटी लक्षात आलं, मघाशी आपण चष्मा लावलेला नव्हता. चोवीसच्या जागी बेचाळीस तर दाबलं नाही ना? बेचाळीस दाबलं. काळं इंजिन शांतपणे मागे चालू लागलं.

आमच्या घरात बेचाळीस नंबराचं इंजिन नव्हतं. कोणत्याच चिठ्ठीवर तो आकडा नव्हता.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते फोनवरच हसायला लागले. "अहो, मग दोष काहीच नाही. हे जोडलेलं आहे!" त्यांनी समजावून सांगितलं. लांब गाडी ओढायला दोन इंजिनं एकत्र लावायची असली की दोघांना मिळून एक तिसरा नंबर देतात. तो चिपमध्ये बसतो. मग दोन्ही इंजिनं चालण्यापुरता तो नंबर ऐकतात, स्वतःचा ऐकत नाहीत. दिवा आणि शिटी मात्र आपल्याच नंबराला उत्तर देत राहतात. "तुमचं इंजिन उलटं जातं म्हणजे ते दुसऱ्याच्या पाठीला पाठ लावून जोडलं असेल. जोड सोडवणं एका मिनिटाचं काम आहे. त्या जागी शून्य लिहायचं. पण याचा जोडीदार कोणता?"

मी बाकीची सगळी इंजिनं बेचाळीसवर लावून पाहिली. एकही हललं नाही. जोडीदार आमच्या घरात नव्हता.

त्या संध्याकाळी मुलीला पुन्हा फोन केला. मला भास झाला नव्हता हे तिला सांगायचं होतं, दुसरं काही नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "दुसरं इंजिन मोठेबाबांकडे असेल. अकोल्याला."

मोठेबाबा म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. सासरे गेल्यावर तेल्हाऱ्याच्या शेताची वाटणी झाली, विहीर त्यांच्या बाजूला गेली, आणि पाणी अर्धं देण्यावरून दोन्ही भावांत तोंडातोंडी झाली. तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद होतं. लग्नकार्यात आम्ही वेगवेगळ्या पंगतीला बसायचो. यांच्या मातीला भासरे आणि जाऊबाई आले होते. भासरे एका झाडाखाली उभे राहून रडत होते. मी तिकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता रडून काय उपयोग.

"तुला काय माहीत?" मी मुलीला विचारलं.

"बाबा जायचे ना तिकडे. मी सुट्टीत आली की मलेही दोनदा घेऊन गेले." घाईत ती वऱ्हाडीवर आली. "म्हणे, तुझ्या आईले सांगू नको."

"कधी जायचे?"

"शनिवारी. विहिरीच्या वादासाठी वकिलाकडे जातो म्हणायचे ना, तेव्हा."

मी फोन ठेवला. राग आला हे नक्की, पण कोणाचा हे ठरत नव्हतं. यांचा म्हणावा तर माणूसच नाही. मुलीचा म्हणावा तर ती बापाला दिलेला शब्द पाळत होती. मी इतकी वर्षं कोणाशी बोलत नव्हते आणि कोणासाठी, याचा हिशेबच जुळेना. यांना वाईट वाटेल म्हणून मी जावेच्या मुलीच्या लग्नाला गेले नव्हते. आणि हे?

पुढच्या शनिवारी मी अकोल्याला गेले. लॅबमध्ये रक्ताचे नमुने नेतो तसल्या थर्मोकोलच्या डब्यात इंजिन ठेवलं, भोवती कापूस भरला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईनं विचारलं, "इंजेक्शनं हायेत का?" मी हो म्हणाले.

भासऱ्यांचं घर गोरक्षण रोडच्या आतल्या बाजूला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. दार जाऊबाईंनी उघडलं. मला पाहून त्या एक पाऊल मागे सरल्या आणि मग आत बघून म्हणाल्या, "अहो, पाहा तं कोन आलं." भासरे बाहेर आले. माझ्या हातातला डबा पाहिला. मी झाकण काढलं तर त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुमच्याकडं हाय हे, मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "या, आत या."

मागच्या खोलीत, जनावरांच्या ढेपेच्या पोत्यांना लागून, रुळांचा एक साधा वळसा होता. स्टेशन नाही, कुंपण नाही. त्यावर तसंच काळं इंजिन उभं होतं, धूळ बसलेलं. दोन्ही इंजिनं जोडीनंच घेतली होती म्हणे. एक यांच्यासाठी, एक भावासाठी. घरचं इंजिन हे पिशवीत घालून आणायचे, इथं दोन्ही जोडायचे आणि जेवणापर्यंत फिरवायचे.

"आमी लहान असतानी बाबाच्या संगं अकोल्याले येत जाओ," भासरे म्हणाले. "छोट्या लायनीच्या गाडीले कधी कधी दोन इंजिनं लागत. तो म्हने, दोघंही डरायवर एकमेकाले दिसत नाई, मंग संगं कसे चालवतात? लय दिवस त्याच्या डोक्यात होतं ते."

"पण हे इंजिन घरी चालत नव्हतं," मी म्हणाले. "जोड सोडवला नव्हता यांनी."

"दरखेपी सोडे. जातानी शून्य टाके त्याच्यात. त्या दिवशी बस धरायची होती. म्हने, पुढच्या खेपेले पुन्हा जोडाच लागते, राहू दे."

पुढची खेप झाली नाही. मी जे विचारायला आले होते ते विचारलं.

"मला का नाही सांगितलं?"

भासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी म्हनलं होतं त्याले. एकदा नाई, लयदा. तो म्हने, दादा, मीच तिले भडकवलं. तिनं माझ्यापायी तुमच्याशी वैर धरलं, आता मीच गेलो तं तिले काय वाटन? कोन्या तोंडानं सांगू?"

हे वाक्य यांचं असू शकतं. 'कोन्या तोंडानं' असं हे म्हणायचे. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं हेही मला माहीत आहे. मी भासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले आणि मला काहीच ठरवता आलं नाही.

जाऊबाईंनी ताटं वाढली. पातोडीची भाजी, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, आणि ज्वारीची भाकर. "त्याले लय आवडे," त्या म्हणाल्या. "चार पातोड्या जास्तीच्या टाका लागत." तेव्हा मला आठवलं, वकिलाकडून आल्यावर हे जेवायचे नाहीत. पोट जड आहे म्हणायचे, आणि मी त्यांना जिऱ्याचं पाणी करून द्यायचे. मला एकदम हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तर मी तो झटकला नाही. ठेवूनही घ्यावासा वाटत नव्हता.

जेवणानंतर भासऱ्यांनी दोन्ही इंजिनं पाठीला पाठ लावून उभी केली, मागे वाघिणी जोडल्या आणि बेचाळीस दाबलं. दोन्ही निघाली. अर्ध्या वळशापर्यंत ठीक गेली, मग वळणावर हिसका बसला आणि मधल्या वाघिणी रुळांवरून घसरल्या.

"असंच होते," भासरे म्हणाले. "एक पळते, एक अडते. त्याले जमे ते. मले नाई जमत."

निघताना त्यांनी विचारलं, "जोड सोडू का? तुमाले घरी चालवता येईन."

मी म्हणाले, "राहू द्या इथंच." आणि इंजिन ठेवून रिकामा डबा घेऊन निघाले. एसटीत बसल्यावर मात्र वाटलं, आपण हे काय केलं? विहीर त्यांच्याकडे राहिली, नवरा शनिवारचा त्यांच्याकडे गेला, आता इंजिनही त्यांच्याकडे. बडनेरा येईपर्यंत मी इतकी चिडले होते की उतरताना डबा विसरले आणि कंडक्टरनं हाक मारून दिला.

त्यानंतर नागपूरचे डॉक्टर टेम्पो घेऊन आले आणि टेबल, रूळ, बाकीची इंजिनं सगळं घेऊन गेले. काळ्याबद्दल मी त्यांना सांगितलं की ते विकायचं नाही. ते म्हणाले, "ठेवा. पण रूळ तर मी नेतोय, चालवाल कुठं?" मुली खोलीत राहायला आल्या. वरून पाठांतराचा आवाज येतो, तो मला आवडतो.

मग मी पुन्हा अकोल्याला गेले, इंजिन परत आणायला. तसं फोनवर सांगितलंही होतं. भासऱ्यांनी कुरकुर केली नाही. माझ्यासमोर त्यांनी ते रुळाच्या बाजूच्या तुकड्यावर ठेवलं, रिमोटवर अडखळत अडखळत शून्य लिहिलं, आणि म्हणाले, "दाबा तुमचा चोवीस."

मी चोवीस दाबलं. इंजिन पुढे गेलं, तोंड समोर करून, नीट. इतके रविवार ज्याच्यासाठी घालवले ते झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी ते थांबवलं, मागे आणलं आणि विचारलं, "भाऊजी, तो हिसका कशानं बसतो?"

"काय मालूम. दोघाइचा वेग सारखा नाई, असं म्हने तो."

"सारखा करता येतो का?"

"करता येते. चिपमधी आकडे बदला लागतात. त्याले येत होते."

आकडे बदलणं मला समजतं. लॅबमधलं मशीन चुकीचे आकडे दाखवायला लागलं की आम्ही ते जुळवूनच घेतो. मी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दोन्ही इंजिनं एकटी-एकटी पळवायची, कोणतं पुढे जातं ते पाहायचं आणि त्याचा जोर थोडा कमी करायचा, असं त्यांनी सांगितलं. मी पदर खोचला. भासऱ्यांनी चष्मा पुसला. आकडे ते मोठ्यानं वाचायचे, मी टाकायचे. एका वेळी आकडा भलत्याच जागी गेला आणि त्यांचं इंजिन शिटी मारायचं थांबेना. जाऊबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, बंद करा ते, दूध उतू गेलं!"

इंजिन त्या दिवशी परत आणलं नाही. त्यानंतरही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी जाते. मुलगी फोनवर विचारते, "मग आई, मिटलं का सगळं?" मी म्हणते, माहीत नाही. विहिरीचा विषय मी एकदा काढला तर भासरे म्हणाले, "बोलू," आणि उठून ढेपेची पोती सरकवायला लागले. मलाही बरंच वाटलं, आणि रागही आला. जाऊबाईंनी एकदा विचारलं, "तू काहून नाई आली वं इतके वर्सं? तो तं येत होता." मी त्यांना काय सांगणार? त्यांना सगळं माहीत होतं, मला काहीच माहीत नव्हतं, एवढाच आमच्यातला फरक.

वळणावरचा हिसका अजून जात नाही. कमी झाला आहे. भासरे म्हणतात, तुमचं इंजिन मागं ओढते. मी म्हणते, तुमचंच पुढे पळतं. मागच्या खेपेला यावरून आमचा आवाज इतका चढला की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.